ओरडायचं कुणावर?

संघ गटांगळ्या खात असताना चाहत्यांनी किती सभ्य राहावं, हा वाद इंग्लंडमध्ये दर हिवाळ्यात निघतो. एक बाजू म्हणते, तिकिटाचे पैसे मोजलेत, तेव्हा ओरडायचा हक्क आहे. दुसरी म्हणते, पोरं आधीच बावरलेली आहेत, त्यांना आणखी कशाला बावरवता? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून वाद जिथल्या तिथे राहतो. आवाज किती मोठा असावा यावर सगळे भांडतात. तो कुणाच्या कानावर पडतो आणि कधी पडतो, याचा हिशेब फारसं कोणी मांडत नाही. हा हिशेब मांडायला ब्लॅकबर्न रोव्हर्ससारखा दुसरा क्लब नाही. मराठी वाचकाने तर तो मांडावाच, कारण या क्लबचे मालक आपल्या पुण्याचे आहेत.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं जुनं कापडगिरण्यांचं गाव. क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी एक, आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग ही सर्वांत वरची पातळी निघाली तेव्हाही पहिल्या दिवसापासून हजर. गावातलाच पोलाद उद्योजक जॅक वॉकर याने क्लबमध्ये पैसा ओतला, व्यवस्थापक म्हणून केनी डॅल्ग्लिशला आणलं, गोल करायला अ‍ॅलन शिअररला आणलं, आणि १९९५ मध्ये क्लबने प्रीमियर लीग जिंकली. वॉकर २००० मध्ये वारला. त्याच्या पश्चात क्लब त्याच्या ट्रस्टकडे राहिला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ट्रस्टने तो व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाला, म्हणजे व्यंकीजला, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकला. इंग्लिश फुटबॉलच्या बाजारात ही किंमत भाजीपाल्याची होती.

पुढच्या महिन्यातच व्यवस्थापक सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित. जागा मिळाली स्टीव्ह कीनला. तो प्रशिक्षकांच्या ताफ्यातला माणूस; मुख्य व्यवस्थापक म्हणून त्याने कुठे काम केलेलं नव्हतं. क्लबचा कारभार मुरलेल्या हातांनी पाहणारे अध्यक्ष जॉन विल्यम्सही २०११ च्या सुरुवातीला गेले. त्या उन्हाळ्यात फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला आणि पुढच्या हिवाळ्यात कर्णधार क्रिस सांबा रशियाला गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात येऊन बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळून गेला. गुणतक्त्यात तळाजवळ असलेल्या संघाला हंगाम चालू असताना एवढा प्रवास घडवणं, हे ब्लॅकबर्नच्या लोकांना काही रुचलं नाही.

तेव्हा हे लोक सभ्य मुळीच नव्हते. डिसेंबर २०११ मध्ये बोल्टनकडून घरच्या मैदानावर १-२ ने हरले, त्या सामन्यात चेंडूपेक्षा कीनविरुद्धच्या घोषणांचाच गलबला जास्त होता. आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत हाच संघ ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला ३-२ ने हरवून आला. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्ध घरच्या ईवुड पार्कवर कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांचा धंदा कोंबड्यांचा, हे सांगायला नकोच. सामना ०-१ ने गेला आणि अकरा वर्षांनी क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला. त्या कोंबडीचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. परिणाम मात्र शून्य.

का शून्य, हे पाहण्यासारखं आहे. त्या दीड वर्षातला बहुतेक आवाज कीनच्या डोक्यावर पडत होता. ‘कीन आउट’ ही घोषणा दोन ठोक्यांत बसते, टाळ्यांवर बसते, दोन घोट बिअर पोटात गेल्यावरही जीभ अडखळत नाही. स्टेडियममध्ये घोषणा टिकते ती मात्रांच्या जोरावर, युक्तिवादाच्या नव्हे. शिवाय कीन समोर दिसत होता: टचलाइनवर, पावसात, हाकेच्या अंतरावर. ज्यांनी त्याला तिथे उभं केलं ते सात हजार किलोमीटरवर होते. ज्यांच्याकडे अधिकार नाही त्यांच्यावर ओरडणं नेहमी सोपं असतं, कारण ते जवळ असतात.

सप्टेंबर २०१२ मध्ये कीन गेला. लोकांना हवं होतं ते मिळालं. मग त्याच हंगामात हेनिंग बर्ग आला आणि ५७ दिवसांत गेला. मायकेल अ‍ॅपल्टन आला आणि ६७ दिवसांत गेला. हंगामी माणसं धरली तर त्या एका वर्षात पाच जणांनी संघ सांभाळला. माणूस बदलत राहिला, माणूस निवडणारी पद्धत तशीच राहिली. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पातळीवर घसरला. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ ने हरवूनही केवळ गोलफरकावर. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पातळीवर जाण्याची ती पहिलीच वेळ.

आता मैदानातल्या आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे गैरसमज फार आहेत. हुर्यो उडवल्याने खेळाडू जिद्दीने पेटून उठतो, ही समजूत बाहेर बसणाऱ्यांची. प्रत्यक्षात घडतं ते असं. बचावपटूकडे चेंडू येतो, पुढे दोन मार्ग दिसतात: मधल्या फळीतल्या खेळाडूला धोक्याचा पास, किंवा मागे गोलकीपरला सोपा पास. मागचा पास दिला की गॅलरीतून ‘अऽऽह’ असा सुस्कारा येतो. हा सुस्कारा शिवीपेक्षा वाईट, कारण तो वीस हजारांच्या तोंडून एकदम येतो आणि कुणाचाच नसतो. पुढच्या वेळी बचावपटू मागेही देत नाही आणि मधेही देत नाही, लांब उडवून टाकतो. लांब चेंडूवर समोरचे उंच सेंटरबॅक आरामात डोकं लावतात, चेंडू परत येतो, दडपण वाढतं. विंगर चेंडू मागायचंच बंद करतो; बॉक्समध्ये धावण्याऐवजी कडेला उभा राहून हात हलवतो, म्हणजे आपण मोकळे होतो हे दाखवताही येतं आणि चेंडू येतही नाही. आवाजाने पाय हलके होत नाहीत, निर्णय आखूड होतात.

आर्सेनलकडे याचे दोन नमुने आहेत. डिसेंबर २००८ मध्ये विगनविरुद्ध इमान्युएल एबुए बदली म्हणून आला, चुका करत गेला, घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि शेवटी व्यवस्थापकाने त्याला परत बाहेर बोलावलं तेव्हा टाळ्या पडल्या. आर्सेनल तो सामना जिंकत होता! ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध कर्णधार ग्रानिट झाका बाहेर येताना अशीच हुर्यो झाली. त्याने कानामागे हात धरला, अंगातला शर्ट काढला, आणि थोड्याच दिवसांत कर्णधारपद गेलं. तोच झाका पुढे साडेतीन वर्षं तिथे खेळला आणि जाताना त्याच गॅलरीने त्याचं नाव गायलं. दोन्ही वेळा क्लबच्या कारभारात आवाजामुळे तसूभर फरक पडला नाही. एका माणसाचा दिवस नासला, इतकंच.

म्हणून नव्वद मिनिटांपुरतं मी सभ्यतेच्या बाजूने आहे. सभ्य असावं म्हणून नव्हे, तर त्या वेळी ओरडून मिळत काही नाही म्हणून. २०२० च्या मे महिन्यात जर्मनीत रिकाम्या स्टेडियमांत फुटबॉल परत सुरू झालं तेव्हा घरच्या मैदानाचा फायदा चांगलाच आटला. पंचांच्या कार्डांतला घरच्या संघाकडचा झुकावही कमी झाला. गर्दीचा आवाज पंचावर आणि पाहुण्यांवर खरोखर चालतो, हे त्यावरून कळलं. असं हत्यार आपल्याच डाव्या बचावपटूवर वापरणं म्हणजे शुद्ध नुकसान.

शिट्टी वाजल्यानंतरची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोरुसिया डॉर्टमुंड घरी ऑग्सबुर्गकडून ०-१ ने हरला आणि जर्मनीच्या बुंडेसलिगात शेवटच्या क्रमांकावरच राहिला. दक्षिणेकडची ती प्रसिद्ध पिवळी भिंत, पंचवीस हजार उभे प्रेक्षक, सामना संपल्यावर शिट्ट्यांनी पेटली. गोलकीपर वायडेनफेलर आणि कर्णधार हुमेल्स ड्रेसिंग रूममध्ये पळाले नाहीत. कुंपणावर चढून लोकांशी बोलले. लोकांनी सुनावलं, त्यांनी ऐकून घेतलं, काही उत्तरंही दिली. हंगामाअखेर संघ सातवा आला. एका बोलण्याने सातवा आला असं कोणी म्हणणार नाही, पण त्या संध्याकाळी संघ आणि गॅलरी यांच्यात दोर तुटला नाही. हे जमतं कारण जर्मन क्लबमध्ये ‘५०+१’ नियम आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त मताधिकार सहसा सदस्यांच्या हाती असतो. कुंपणापलीकडचा माणूस तिथे गिऱ्हाईक नसतो, सभासद असतो. त्याच्याशी बोलावंच लागतं.

इंग्लंडमध्ये असे सभासद फारसे नाहीत, म्हणून तिथे निषेध रचावा लागतो. रचलेला निषेध कसा असतो याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण लिव्हरपूलचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्लबने नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं. चाहत्यांच्या संघटनांनी एकच हाक दिली: सुंदरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडायचं. सुमारे दहा हजार लोक उठले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होता. सामना २-२ सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि कमाल दर जुन्या ५९ पौंडांवर गोठवला. यात बारकावे पाहा. मागणी एकच, आकड्यात सांगता येणारी. ती मान्य करणं मालकाला परवडण्यासारखं. वेळ अशी की मुलांना घेऊन आलेल्यालाही जमावी. तिकिटाचे पैसे जवळजवळ वसूल झालेले, आणि उरलेल्या तेरा मिनिटांत रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्याला टिपता याव्यात. दोन गुण गेले याचं खापर काहींनी उठून गेलेल्यांवर फोडलं. मला वाटतं, २-० ने पुढे असलेल्या बचावफळीने आपलं आपण पाहावं.

बिघडतं कुठे, तेही ठरलेलं असतं. मागण्या पाच केल्या की मालक सर्वांत फालतू एक मान्य करतो आणि चार विसरतो. ‘चालते व्हा’ ही मागणी तर खरीदार असल्याशिवाय मागणीच नव्हे. मालक विचारतो, कुणाला विकू? बॅनरचंही तसंच. एकेरी चादरीवर चार शब्दांच्या वर मजकूर घातला की तो गॅलरीच्या समोरच्या बाजूने वाचता येत नाही. अक्षरं फूटभर उंच आणि रेघ तीन-चार बोटं जाड लागते. मोठ्या बॅनरला बऱ्याच इंग्लिश क्लबांत कापड आग न पकडणारं असल्याचं प्रमाणपत्र मागतात. ते नसलं की दारावर काढून घेतात आणि मग दिवसभर चर्चा बॅनरच्या मजकुराऐवजी सुरक्षारक्षकाच्या वागण्याची होते. मैदानात उतरणं आणि मैदानात काही फेकणं हे १९९१ च्या फुटबॉल गुन्हे कायद्याखाली गुन्हे आहेत. त्यावर बंदी-आदेश लागला तर किमान तीन वर्षं स्टेडियमची पायरी चढता येत नाही. धुराच्या नळकांड्यांवर त्याही आधीचा, १९८५ चा कायदा आहे.

म्हणून जर्मनीची युक्ती इंग्लंडमध्ये जशीच्या तशी चालत नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात जर्मन लीगने प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकायचं ठरवलं. चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडे टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी मैदानात टाकली. कुणाला इजा नाही. पण शंभरभर चेंडू वेचायला वेळ लागतो, सामना थांबतो, प्रक्षेपणाचं वेळापत्रक कोलमडतं, म्हणजे जे विकायचं होतं त्या मालालाच नख लागतं. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लीगने योजना गुंडाळली.

आणि ब्लॅकपूल. ब्लॅकबर्नपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, समुद्रकाठी. तिथल्या मालकांविरुद्ध २ मे २०१५ रोजी लोक हडर्सफील्डविरुद्धच्या सामन्यात मैदानात घुसले, सामना सोडून द्यावा लागला. त्यानंतर जे केलं ते जास्त अवघड होतं: हजारो लोकांनी घरच्या सामन्यांना जायचंच बंद केलं. ‘यापुढे एक पेनीही नाही’, चार वर्षं. शनिवारी घरी बसायचं, मुलांना समजावायचं, बाहेरगावच्या सामन्यांना मात्र जायचं, कारण ते पैसे दुसऱ्या क्लबच्या गल्ल्यात पडतात. तरीही मालक हलले ते यामुळे नाही. भागधारक वॅलेरी बेलोकॉनने कोर्टात दावा लावला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने क्लबमधून गैरवाजवी पैसा काढल्याचं ठरवून ३ कोटी १२ लाख पौंडांवर रक्कम द्यायला लावली, ती पूर्ण फिटली नाही, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये क्लबवर रिसीव्हर, म्हणजे कोर्टाने नेमलेला कारभारी, बसला. पुढच्याच महिन्यात साउथएंडविरुद्ध मैदान फुललं, पंधरा हजारांच्या वर लोक. बहिष्काराने मालक जात नाही. पण मालक गेल्यावर परत यायला माणसं शिल्लक आहेत, हे नव्या खरीदाराला त्यातून कळतं.

हाच उपाय ब्लॅकबर्नला का लागू पडत नाही? ब्लॅकपूलमध्ये तक्रार पैसा बाहेर नेल्याची होती. ब्लॅकबर्नमध्ये उलट. चॅम्पियनशिपमधला, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या दुसऱ्या पातळीवरचा, क्लब कमावतो त्याहून जास्त पगारावरच खर्च करतो, आणि ती तूट, वर्षाला कोटी-दोन कोटी पौंडांच्या घरातली, पुण्याहून भरली जाते. प्रेक्षकांच्या तिकिटांचे पैसे त्यापुढे किरकोळ. तुम्ही आला नाहीत तर तूट थोडी वाढेल, एवढंच. २०१७ पर्यंत ३१ हजारांच्या ईवुड पार्कवर बारा-तेरा हजार लोक उरले होते, म्हणजे बहिष्कार आपोआपच, कुणी हाक न देता झाला होता. त्यावर कुणी लक्ष दिलं नाही.

आणि मग सभ्यता आली. २०१८ मध्ये व्यवस्थापक टोनी मोब्रेने संघ परत दुसऱ्या पातळीवर आणला. पाहता पाहता गॅलरीचा सूर बदलला: निदान पैसे तरी भरतायत ना. शेजारच्या बरी (Bury) गावाचा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये पैशापायी लीगमधून काढून टाकला गेला, तो सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. उपकाराखाली दबलेला माणूस जितपत बोलतो तितपतच लोक बोलू लागले. ‘पोशिंद्यावर भुंकू नये’ अशातली गत. माझ्या मते चूक झाली ती इथे. पहिल्या दीड वर्षात चुकीच्या माणसाशी असभ्य, आणि नंतरची कित्येक वर्षं योग्य माणसांशी गरजेपेक्षा जास्त सभ्य.

कारण पैसे भरणं आणि क्लब चालवणं ही दोन कामं आहेत. २०२३ पासून भारतातून इंग्लंडला पैसे पाठवण्यामागे दिल्ली उच्च न्यायालयातल्या सुनावण्यांचा फेरा लागला, आणि पैसे भरण्याचं पहिलं कामही डळमळलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गावातच जन्मलेला अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला. पाचच महिन्यांत तो युरो स्पर्धेच्या इंग्लंड संघात होता. त्या हंगामात चॅम्पियनशिपमध्ये सर्वाधिक २७ गोल केलेला सॅमी स्मॉडिक्स ऑगस्टमध्ये इप्सविचला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ पहिल्या सहांत असताना व्यवस्थापक जॉन युस्टेस, तळाशी झगडणाऱ्या डर्बी काउंटीकडे निघून गेला. वरून खाली जावंसं का वाटलं, हे विचारायला फार हुशारी लागत नाही. हंगाम सातव्या क्रमांकावर संपला. वर जाण्यासाठीच्या प्लेऑफला तेव्हा सहावा लागायचा.

कोल्हापुरात हे असं चालत नाही, हे सहज आठवलं. पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर हरलं तर तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळीच झडती सुरू होते, कारण खेळाडू, पदाधिकारी आणि ओरडणारे एकाच पेठेतले. तिथे जरुरीपेक्षा जास्त होतं, हाणामारीपर्यंत जातं, त्याची तरफदारी नको. पण ओरडणं कुणावर, हा प्रश्न तिथे पडत नाही. पत्ता माहीत असतो.

ब्लॅकबर्नकरांना पत्ता शोधावा लागतो, आणि तो मैदानावर नाही. मालक वर्षानुवर्षं सामन्याला फिरकले नाहीत, मग संचालकांच्या कक्षाकडे तोंड करून ओरडणं म्हणजे तिथल्या पगारी माणसांना ऐकवणं. हाती उरतं ते रुक्ष काम. दरवर्षी क्लबचे हिशेब कंपनी नोंदणी कार्यालयात जमा होतात, ते फुकट वाचता येतात. तूट किती, मालकाचं कर्ज किती, त्यातलं भागभांडवलात किती बदललं, हे तीन आकडे काढायचे. हंगामी पासांच्या नूतनीकरणाची खिडकी वसंतात उघडते. सवलतीची मुदत संपेपर्यंत सगळ्यांनी मिळून पास न घेणं हा इशारा रोख रकमेवर लागतो, कारण उन्हाळ्यातला पगार त्याच रकमेवर चालतो. प्रश्न लेखी द्यायचे, उत्तराची तारीख घालून, आणि उत्तर आलं नाही तर तेवढंच छापायचं: अमुक तारखेला विचारलं, उत्तर नाही. यात घोषणेची मजा नाही, म्हणून मोजकेच लोक टिकतात.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडचा फुटबॉल प्रशासन कायदा मंजूर झाला आणि स्वतंत्र नियामक आला. क्लबला परवाना लागेल, मालकाची पात्रता तपासली जाईल, स्टेडियम विकताना किंवा बोधचिन्ह आणि रंग बदलताना चाहत्यांचं म्हणणं विचारात घ्यावं लागेल. पैसा कुठून येतो हेही नियामक विचारू शकेल, आणि ब्लॅकबर्नला ते लागू पडणारं आहे. मालकाने हंगामात किती सामने पाहावेत याचं कलम मात्र त्यात नाही.